बाटलीची कानटोपी

गुरुवारी सकाळी पुरुषोत्तमने पाचव्यांदा कॉम्प्युटर उघडला. पार्सल अजूनही डेपोतच होतं. काल तिथेच होतं, परवाही तिथेच. बाहेर लेस्टरचे रस्ते बर्फाखाली गेले होते, आणि वर स्कॉटलंडमध्ये उणे आठ आहे असं रेडिओवरची बाई अगदी आनंदाने सांगत होती. तिचं काय जात होतं!

पार्सलमध्ये एक बाटली होती आणि बाटलीत केनचं यीस्ट. केन म्हणजे शेजारचा म्हातारा. ज्या ब्रुअरीत त्याने उभं आयुष्य काढलं, ती कधीच जमीनदोस्त झाली होती. पण तिथलं यीस्ट त्याने सव्वीस वर्षं घरी जगवलं होतं आणि त्यावर तो घरच्या घरी बिअर करायचा. जगात दुसरीकडे कुठेही ते उरलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये केनला अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तेव्हा जाताजाता त्याने बाटली पुरुषोत्तमच्या हातात दिली. पुरुषोत्तमने जन्मात बिअरचा थेंब चाखला नव्हता. पण विरजण जगवायचं म्हणजे काय, हे त्याच्या घरात नव्याने शिकवावं लागत नव्हतं. चार महिने बाटली फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी सुखाने नांदली.

मग केनचा स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून, मुलीच्या घरून फोन आला. डॉक्टरांनी त्याला उन्हाळ्याच्या पुढचं काही सांगायचं टाळलं होतं.

"एक शेवटचं पिंप लावायचंय, पुरू," केन म्हणाला. "यीस्ट पाठव. गोठू मात्र देऊ नकोस."

सोमवारी सकाळी बांधाबांध झाली, आणि सूत्रं अर्थातच बायकोच्या, श्यामलाच्या हातात होती. तीस वर्षं ती या देशात दही लावत होती. हिवाळ्यात पातेलं टॉवेलात गुंडाळून बॉयलरच्या कपाटात ठेवल्याशिवाय इथे दही लागत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. "विरजणाला ऊब लागते," ती म्हणाली. तिने मार्केटातून हात शेकायच्या चार पुड्या आणल्या होत्या, चोळल्या की दहा तास कढत राहणाऱ्या. त्या तिने बाटलीला चारी बाजूंनी घट्ट बांधल्या, त्यावर पुरुषोत्तमची लोकरीची कानटोपी चढवली, त्यावर टॉवेल.

"अहो, चमचाभर मागे ठेवू का?" तिने विचारलं होतं.

"दुसऱ्याची ठेव आहे," पुरुषोत्तम म्हणाला होता. "द्यायची तर सगळी द्यायची."

आणि त्या संध्याकाळपासून बर्फ पडू लागला. पुरुषोत्तमने डेपोला फोन केले. वीस मिनिटं गाणी ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, "रस्ते बंद आहेत, लव्ह." मी स्वतः येऊन घेऊन जातो, असंही त्याने सांगून पाहिलं. पण पार्सल डेपोतल्या कुठल्या गोदामात पडलंय, तेच तिला सांगता येईना. चाळीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस, खिडकीशी हात चोळत बसला. श्यामलाने देवघरातला गणपती पाण्यात ठेवला. पाणी तेवढं कोमट करून घेतलं. फेब्रुवारीतलं नळाचं पाणी देवालाही सोसलं नसतं.

शुक्रवारी स्क्रीनवर 'पोचलं' असं उमटलं. केनचा फोन यायला मात्र शनिवारची दुपार उजाडली.

"गोठलं का रे?" पुरुषोत्तमने आधी तेच विचारलं.

"गोठतंय कसलं! तुझ्या त्या टोपीत शिरायची बर्फाची टाप नव्हती. एक थेंबही गोठला नाही."

पुरुषोत्तमने खुर्ची ओढून घेतली. पाच दिवस टांगणीला लागलेला जीव खाली उतरला. "मग पिंप लावलंस?"



"रात्रभर बघत बसलो, पुरू. एक बुडबुडा आला नाही. बाटलीला मार्माइटचा वास येतोय. मेलेल्या यीस्टला येतो तो." केन हळूच बोलत होता, लहान मुलाला सांगावं तसं. "त्या पुड्या नको होत्या रे. दह्याला चालते तेवढी ऊब याला नाही चालत. शिजलं ते. सोमवारीच गेलं असणार, व्हॅन तुमच्या गावाबाहेर पडायच्या आत." मग त्याने घसा खाकरला. "टोपी मात्र मला झक्क बसली. श्यामलाला सांग."

फोन ठेवला तरी पुरुषोत्तमचा हात रिसीव्हरवरून निघेना. पाच दिवस त्याने बर्फाला शिव्या घातल्या होत्या, आणि बर्फाचा काडीचाही दोष नव्हता. मरणाऱ्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती. त्याला रडू येत होतं, आणि रडून काही उपयोग नव्हता. मागे ठेवलेला चमचाही नव्हता.

श्यामला कणकेच्या हातांनीच धावत आली. "केनचा ना? नीट पोचलं? गोठलं नाही ना हो?"

पुरुषोत्तमने तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "एक थेंबही गोठला नाही."

श्यामलाने हात धुतले. गणपतीला पाण्यातून काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि जागेवर बसवलं.

"बघा," ती म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी? ऊब दिली की सगळं तगतं."