सक्ती

घरोघर जाऊन प्रत्येकाला इंजेक्शन टोचायचंच, असा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारे अप्पा हट्टाला पेटले आणि थेट कोर्टात गेले. "माझा दंड म्हणजे काय सरकारी कागद आहे, कुणीही यावं आणि शिक्का मारून जावं?" असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. कोर्टाच्या पायऱ्यांवर चपला झिजल्या, पण अप्पा जिंकले. नागरिकांवर उपचारांची सक्ती करण्याचा अधिकार राज्यघटनेने सरकारला दिलेला नाही, असं न्यायाधीशांनी ठणकावून सांगितलं. गल्लीने अप्पांना खांद्यावर घेतलं, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आईचा ऊर भरून आला.

पुढच्याच महिन्यात आईला धाप लागली. अप्पांनी तिला कसंबसं रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात आणलं, तर तिथल्या खाटा टेम्पोत चढत होत्या आणि आरोग्य अधिकारी दाराला कुलूप लावत होते.

"साहेब, आधी आईला बघा. श्वास पुरत नाहीये तिला."

"दवाखाना बंद झाला, अप्पा. तुमच्याच निकालामुळे."

"अहो, मी सक्ती नको म्हणालो होतो. डॉक्टर नकोत असं कधी म्हणालो?"

अधिकाऱ्यांनी किल्ली खिशात टाकली आणि अगदी अदबीने समजावलं.

"कोर्टाचा मान राखायला नको का? यापुढे उपचारांची सक्ती कुणावरच नाही. सरकारवरसुद्धा नाही."