चांगोचे पैलवान

ज्याचे जंतू आधी मरतील त्यानं नाक्यावर सगळ्यांदेखत कोंबडी खिलवायची, अशी पैज चांगोनं शेजारच्या अनंताशी शेणवे गावात भरलेल्या दातांच्या शिबिरातच लावली. दोघांच्या सुजलेल्या हिरड्यांतला पू डॉक्टरीणबाईंनी नेला होता. त्यातल्या हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर त्यांना प्रयोगशाळेत नवं औषध लावून बघायचं होतं.

चांगो निवांत होता. साधी शिंक आली तरी तो मेडिकलातून भारी गोळ्या आणायचा, दोन खायचा आणि उरलेल्या पुढच्या दुखण्याला ठेवायचा. "माझ्या जंतूंनी सगळ्या गोळ्या चाखल्यात. पैलवान झालेत ते, कोणाला भितात?"

महिन्याभरानं बाई आल्या. अनंताचे जंतू मेले होते. "चांगोभाऊ, तुमच्या जंतूंवर जुनी औषधं चालत नव्हतीच. आता हे नवंही चाललं नाही," बाई काळजीनं म्हणाल्या. चांगोनं खुशीत मांडीवर थाप मारली.

रविवारी अनंतानं नाक्यावर पंगत बसवली आणि पहिलं ताट चांगोपुढं ठेवलं. चांगोनं तंगडी उचलली, पण सुजलेला जबडा बोटभरही उघडेना.

"खा ना रे, जिंकलास ना?"

चांगोनं तंगडी परत ताटात ठेवली.

"बरोबर हाय," अनंता पुढच्या ताटाकडं सरकत म्हणाला, "पैज तुझ्या जंतूंनी जिंकली. त्यांचं जेवण चालूच हाय."