मागची जागा

काल नदीत राफ्ट उलटली तेव्हा मागे बसून हुकूम सोडत होती, वर्गात जिला गोगलगाय म्हणत तिची मैत्रीण. दोघींची रात्र ओल्या तंबूत कुडकुडण्यात गेली. "पुन्हा उलटलात तर मोहीम बंद, जीपने थेट घरी," गाइडताईंनी सकाळी बजावलं. मग आज गोगलगायच वल्हं घेऊन मागे बसली. "आज मी सांगेन तसं." मैत्रीण फिदीफिदी हसली. वळणावर कालच्यासारखाच खडक अंगावर आला आणि राफ्टची त्या बाजूची कड त्यावर चढली. मैत्रीण विरुद्ध बाजूला सरकली. "अगं, खडकाकडे झुक!" "डोकं फिरलंय का तुझं?" "लांब सरकलो म्हणूनच काल उलटलो! मार मिठी त्याला!" गोगलगायीचा असला आवाज कुणी ऐकलाच नव्हता. दोघींनी खडकाला मिठी मारली. वर चढलेली कड खाली बसली, राफ्ट अलगद सुटून प्रवाहाला लागली. मैत्रिणीनं मागे वळून पाहिलं. "उद्या मागे कोण?" "विचारतेस काय? वल्हव, महाराणी!"