हुरड्याची अट

तीन वर्षं इंदुमतीबाईंच्या शेतावर हुरड्याला कुणी फिरकलं नव्हतं. यंदा त्यांनी ‘जमवाजमव’ अ‍ॅपला दिवस काढायला सांगितलं. अ‍ॅपनं बोलावलेल्या अकरा जणांना मनातलं विचारून रविवार ठरवला. अकराही जण येणार होते, फक्त यजमानीण तिथं नको होती.

“असं कोण म्हणालं?”

“अकराही जण. तुमची लेकसुद्धा,” अ‍ॅपनं सांगितलं.

रविवारी त्यांनी आगटी पेटवली, ज्वारीची कोवळी कणसं आणि शेंगदाण्याची चटणी मांडून ठेवली. गाड्या दिसताच त्या बांधापलीकडे जाऊन बसल्या. दुपारभर हसणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी अ‍ॅपनं विचारलं, “पुढच्या वर्षीही असंच ठरवू?”

“ठरव. लेकीला चटणी पुरली का?”

“पुरली. पुढच्या वेळी जरा लांब बसा, म्हणाली. तुमचा खोकला ऐकू येत होता.”