बेटावरची बकाणं

“पुढं चल. सगळ्यात जुनं झाड पलीकडच्या अंगाला हाय,” रंगुबाई म्हणाली, आणि बनू पदर सावरत तिच्या मागोमाग निघाली.

त्या दुष्काळात गोदावरीचं पात्र कोरडं पडलं होतं. एरवी होडीतून जावं लागे त्या बेटावर आता बैलगाड्या थेट जात होत्या. पेशवाईत कुणा सरदारानं बेटाच्या कडेनं बकाणाची झाडं लावली होती. फाल्गुनात ती फिक्या जांभळ्या फुलांनी भरून जात आणि आसपासची माणसं बेटाला फेरी घालून ती बघून येत. यंदाही ती फुलली होती. कशाच्या जिवावर, कुणास ठाऊक.

बनूचा बाप गहिनीनाथ फुलं बघायला आला नव्हता. घरी पाहुण्यांपुढं ठेवायला घागरभर पाणी नव्हतं, म्हणून त्यानं मुलगी दाखवायचा कार्यक्रमच बेटावर ठेवला होता. रंगुबाईचा मुलगा सूर्यभान बिजवर होता. पण त्याच्या विहिरीला असल्या सालीही पाणी होतं. “पोर पोटभर पाणी तरी पिईल,” असं गहिनीनाथ घरातून निघताना म्हणाला होता. आता तो आणि सूर्यभान गाडीपासून थोड्या अंतरावर सावलीत बोलत बसले होते.

जुन्या झाडाखाली रंगुबाई थांबली. वर फुलांचे झुबके लगडले होते, गोडसर वास सुटला होता. तिनं मान वर केली नाही.

“माझी पहिली सून कशानं गेली, सांगितलंय का तुला?”

“हिरीत पाय घसरला म्हनं.”

“पाय घसरला न्हाई.”

“मंग? ढकललं व्हय?”

“न्हाई. लई मारायचा तो. एक दिवस सोसवंना, आपनहून गेली. मी मधी पडले की माझ्याबी अंगावर यायचा.” रंगुबाईनं पदरानं तोंड पुसलं. “पोटचा हाय. कुनापाशी बोलले न्हाई.”

“माझ्या आबांनी शब्द दिलाय, मावशी.”

“तू गप ऱ्हा. काय बोलायचं ते मी बोलते.”

राहिलेली फेरी दोघींनी पुरी केली.

परत सावलीत आल्यावर रंगुबाई टेकली आणि सरळ म्हणाली, “पोरगी लंगडी हाय. चालताना बघितली मी. मला न्हाई पसंत.”

गहिनीनाथचा चेहरा उतरला. “काय बोलता, आक्का? दुष्काळी कामावर दिवसभर खडीच्या पाट्या उचलती माझी पोर.”

सूर्यभाननं आधी आईकडं पाहिलं, मग बनूकडं. मुलगी त्याच्या मनात भरली होती. “चालून दाखव,” तो म्हणाला. “त्या गाडीपर्यंत.”

बनू उठली. एकदा लंगडी म्हणून नाव झालं की दुसरं स्थळ येणं अवघड, हे तिला कळत होतं. रंगुबाई तिच्याकडं बघतही नव्हती. बनूनं एक पाऊल टाकलं आणि डावा पाय मागून ओढत नेला. मग दुसरं पाऊल. पुन्हा पाय ओढला.

गहिनीनाथ उठून आपल्यामागं येतोय, हे तिला पावलांवरून समजलं. आता तो सगळ्यांदेखत खडसावणार, नीट चाल म्हणणार, आणि आपल्याला चालावं लागणार.

गहिनीनाथनं तिला गाठलं. तिच्या पायाकडं पाहिलं. मग तिच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ. त्यानं तिच्या दंडाला आधार दिला आणि सूर्यभानकडं वळून तो म्हणाला,

“चुकलं माझं, पाव्हनं. लहानपनापासनंच हाय. मी लपवलं.”