फोनवरचं गाऱ्हाणं

"सायबाक सांग, पाय कापूचो नाय," हौसाबाई म्हणाली, आणि मालवणच्या पोस्टात फोनवर बसणाऱ्या हरिश्चंद्राचं धाबंच दणाणलं.

फोन मुंबईहून होता. हौसाबाईचा मुलगा भिकाजी ज्या बोट कंपनीत खलाशी होता, त्या कंपनीच्या साहेबाचा. साहेबाला मराठीचा गंध नाही, हौसाबाईला इंग्रजीचा. मधे हरिश्चंद्र. तिकडचं इंग्रजी ऐकून इकडे मालवणीत सांगायचं, इकडची मालवणी तिकडे इंग्रजीत. एरवी त्याला या कामाचा केवढा तोरा! आज कुठला तोरा नि काय.

परदेशातल्या कुठल्याशा बंदरात भिकाजीचा पाय साखळदंडात सापडून चिरडला होता. तो तापाने बेशुद्ध होता. आज पाय कापला नाही तर पोरगा हाती लागणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणत होते, आणि कापायला घरच्यांचा होकार हवा होता. हरिश्चंद्राने हे सगळं हौसाबाईला सांगितलं, जीव जाईल हेसुद्धा. पण तिच्या डोक्यात पाय शिरला तो शिरलाच. पाय गेल्यावर त्याला बोटीवर कोण घेणार, बोटीचं सोडा, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला तरी कोण बोलावणार, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. देवबागहून निम्मी वाडी होडीत बसून तिच्याबरोबर आली होती. तीही माना डोलावत होती.

साहेब घाई करत होता. लाईन केव्हाही जाईल, हो की नाही तेवढं सांगा.

हरिश्चंद्राने पुन्हा समजावलं, अगदी हात जोडले. तेव्हा हौसाबाई दिराकडे, महादूकडे वळली. देवळात वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा.

"भावोजीनू, ह्येका काय सांगूक जमना नाय. तुमीच घाला गाऱ्हाणा."

महादू पुढे झाला. फोनसमोर उभं राहून त्याने डोळे मिटले. काय करावं ते न सुचून हरिश्चंद्राने रिसीव्हर त्याच्या तोंडापुढे धरला.

"बा सायबा म्हाराजा, ह्या हौसाबायचो झील आज तुझ्या पदरात आसा. ज्या पायांनी गेलो, त्याच पायांनी तेका घराक येवं दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," निम्मी वाडी एका आवाजात म्हणाली. तिकिटं घ्यायला आलेले दोघेजणही म्हणाले.

हरिश्चंद्राने रिसीव्हर कानाला लावला. एवढी माणसं काय म्हणतायत, साहेब विचारत होता.

हौसाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. काय करणार बिचारा? तिचं म्हणणं सांगावं तर पोरगा जातो. न सांगावं तर उद्या हिला तोंड कसं दाखवायचं? त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"हो म्हणतायत, सर," तो इंग्रजीत म्हणाला.

साहेबाने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"गाऱ्हाणा पावला मां रे सायबाक?" हौसाबाईने विचारलं.

"पावला."

तिने पदराने डोळे पुसले. आल्यापासून ती उभीच होती, आता बाकावर टेकली.

"बरो माणूस दिसता. माझो नमस्कार सांग तेका."

हरिश्चंद्राने मुका झालेला फोन पुन्हा कानाला लावला आणि तिचा नमस्कार इंग्रजीत सांगितला.