वाळ्याचा थेंब

"ही माझ्या आईची," त्या पितळी अत्तरदाणीबद्दल मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. "तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण आतला वास काही जात नाही." आईचं नाव काढलं की माणसं घासाघीस करत नाहीत, एवढं मी जुन्या वस्तूंच्या धंद्यात शिकलो होतो. रोज दुकान उघडलं की अत्तरदाणीत वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब सोडायचो.

एका बाईंनी ती डोळे मिटून हुंगली आणि मी सांगितलेल्या किमतीला नेली.

आठ वर्षांनी त्या परत आल्या. "लेकीकडे कायमची चाललेय. ही परक्याच्या हाती द्यावीशी वाटेना. तुम्हीच ठेवा."

मी झाकण उघडलं. भर दुपारी दुकानात वाळ्याच्या ओल्या पडद्याचा गारवा पसरला. मला खोटं रेटवेना. "बाई, माझी आई जिवंत आहे. ही मी भंगारातून आणली होती."

"आठ दिवसांत वास उडाला, तेव्हाच कळलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग मीच रोज एक थेंब सोडत गेले. मी रांगत होते तेव्हा आई गेली. तिचा कसलाच वास मला आठवत नाही."

संध्याकाळी घरी आलो तर आई लसूण सोलत बसली होती. शेजारी टेकलो आणि तिचा हात नाकाशी धरला.

"अरे, लसणाचा वास येतोय," ती हात सोडवत म्हणाली.

"येऊ दे," मी म्हटलं.